डॉक्टर मॅडम, तुम्ही माझा जुना आवाज ऐकलात

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे आले तेव्हा माझा आवाज बिघडून दीड वर्ष झालं होतं. घोगरा, जड, खालच्या पट्टीत उतरलेला. जीभ तोंडात मावत नाही असं वाटायचं, शब्द एकमेकांना चिकटायचे, दहा मिनिटं बोललं की थकून जायचे. फोनवर लोक मला ‘सर’ म्हणत. एकानं तर तोंडावर विचारलं, ‘पिऊन आलात का?’ पण खरं लागलं ते आईचं. दुसऱ्याच्या नंबरवरून फोन केला, तर तिनं तीनदा विचारलं, ‘कोण बोलतंय?’

तुमच्याआधी तिघांना दाखवलं होतं. एकानं गुळण्या सांगितल्या, दुसऱ्यानं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, तिसरा म्हणाला, वयानं होतं असं. औषधं चुकली याचा राग नाही. मी सावकाश बोलते म्हणून तिघांनीही माझी वाक्यं परस्पर पुरी केली, याचा आहे. सतत वाजणारी थंडी, सकाळी सुजलेला चेहरा, बद्धकोष्ठ, सगळं त्या तोडलेल्या वाक्यांतच राहून गेलं.

तुम्ही पेन खाली ठेवलंत. मी थांबले तरी तुम्ही बोलला नाहीत. मग विचारलंत, ‘आधीचा आवाज आहे का कुठे?’ भाचीला वाढदिवसाला पाठवलेला निरोप फोनमध्ये होता. तो तुम्ही डोळे मिटून अख्खा ऐकलात आणि पुन्हा लावायला सांगितलात. बाहेर केवढी रांग होती! मॅडम, त्या दोन मिनिटांचं ऋण मी कशानंही फेडू शकणार नाही.

‘हा आवाज गेलेला नाही, सुजलाय,’ तुम्ही म्हणालात. थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की स्वरतंतूंमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात. तंतू जाड होतात, सावकाश कंप पावतात, म्हणून पट्टी उतरते. जीभही तशीच फुगते. १८७३ साली विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी अशाच रुग्ण स्त्रियांबद्दल लिहिताना जाड जीभ आणि घोगरा आवाज नोंदवला होता, हेही तुम्ही सांगितलंत. मला तिथेच रडू आलं. इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी हे कान देऊन ऐकलं होतं, आणि मला मात्र गुळण्या करायला पाठवलं होतं.

थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं टीएसएच हे संप्रेरक साधारण ४च्या आत हवं, तिथे ७२ निघालं. गोळी सुरू झाली. आवाज लगेच सुटणार नाही, धीर धरा, हेही तुम्ही आधीच बजावलंत, त्यामुळे पहिले दोन महिने मी खचले नाही. हातात अधिकार आणि समोर गर्दी असताना माणसाला पुरतं बोलू देणं, याला मी फार मोठा चांगुलपणा मानते. तो शिकवून येत असेल असं मला वाटत नाही. वरच्या सुरांत अजून थोडी खरखर आहे.

परवा शेजारणीच्या फोनवरून आईला फोन लावला. मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं.

‘बोल गं,’ ती म्हणाली.

तुमची कृतज्ञ,
एक रुग्ण