पट्टीवरचे मराठी मोडते कुठे?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

थेट प्रक्षेपणात पडद्याच्या खालच्या पट्टीवर नावांचे कसे धिंडवडे निघतात, याबद्दल एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आपल्या सदरात नुकतेच वाचले. त्यांचा राग रास्त आहे. 'आजकालच्या पोरांना जोडाक्षरेच येत नाहीत' हा त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मी त्या पोरांपैकीच एक. मिरजेत राहते आणि कुस्तीची मैदाने, व्याख्यानमाला, कीर्तन सप्ताह, गाण्याच्या मैफली, साखर कारखान्यांच्या सभा यूट्यूबवर थेट दाखवणाऱ्या एका गटात ग्राफिक्सला बसते. वक्ता माइकपाशी पोहोचला की त्याचे नाव पडद्यावर चढवायचे आणि सहा-सात सेकंदांनी उतरवायचे, हे माझे काम. चॅनेलवाले या पट्टीला ॲस्टन म्हणतात, आमच्याकडे नुसतीच पट्टी किंवा टायटल.

आता 'विठ्ठल' हा शब्द घ्या. मी तो बरोबर टाइप करते. वर्डमध्ये बरोबर दिसतो, व्हॉट्सॲपवर बरोबर जातो. तोच कॉपी करून टायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की वेलांटी 'व' सोडून पुढच्या 'ठ'ला जाऊन चिकटते आणि दोन 'ठ' एकमेकांत न मिसळता पहिला पाय मोडून उभा राहतो. 'कीर्ती'चा रफार डोक्यावर चढतच नाही, मध्येच लंगडा 'र' येतो. पाहणाऱ्याला वाटते, ही मुलगी दहावी तरी झाली आहे का.

असे का होते, तेही सांगते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणक-मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतपद्धतीत, अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात. आधी 'व', मग ऱ्हस्व वेलांटी. ती दाखवताना 'व'च्या आधी आणणे, रफार उचलून पुढच्या अक्षरावर ठेवणे, जोडाक्षर जुळवणे हे सगळे सॉफ्टवेअरने करायचे असते. आपला मोबाइल ते करतो, ब्राउझर करतो. टायटलची बरीच सॉफ्टवेअर मात्र रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनली आहेत. तिथे एकापुढे एक सुटे अक्षर ठेवले की काम झाले. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. भाड्याने येणाऱ्या महागड्या यंत्रणेतही अजून ही रड असावी, याचे मला खरोखर नवल वाटते.

यावर आमच्या धंद्याने जुगाड काढला तो डीटीपीच्या, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवण्याच्या, जुन्या फॉन्टचा. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असते, पण आत असतात इंग्रजी अक्षरे. त्यामुळे सॉफ्टवेअरला जुळवाजुळव करावी लागत नाही. मात्र तो फॉन्ट समोरच्या लॅपटॉपवर नसला की प्रमुख पाहुण्यांच्या नावाजागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी उमटते. शिवाय आयोजकांनी युनिकोडमध्ये दिलेली यादी आधी तिला जुन्या फॉन्टमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढावी लागते आणि तिथे हमखास बळी जातो तो 'ॲ'चा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, बऱ्याच जुन्या कन्व्हर्टरना त्याचा पत्ता नाही. म्हणून समस्त वकील मंडळी आमच्या पट्टीवर 'ॲड.'ऐवजी रिकामा चौकोन घेऊन येतात. वकिलांचा राग कसा असतो ते मी वेगळे सांगायला नको.

आमच्या भागाचा खास छळ म्हणजे कऱ्हाड. पाहुणे कऱ्हाडचे, पैलवान कऱ्हाडचा, प्रायोजक कऱ्हाडचे. आणि हा अर्धा 'र' भल्याभल्यांना जमत नाही. रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर बसला की गावाचे नावच बदलते. मिरजेत दुसरा मान 'खाँ'चा. अब्दुल करीम खाँसाहेबांचे हे गाव, गाण्याच्या कार्यक्रमात हा शब्द लागणारच. चंद्रबिंदू फॉन्टमध्ये असतो, पण पट्टीच्या मजकुराची चौकट इंग्रजी अक्षरांच्या उंचीने आखलेली. वरचा चंद्रबिंदू छाटला जातो, खालचे उकार कापले जातात. 'खाँ'चा 'खा' झालेला जाणकारांना लगेच दिसतो आणि मध्यंतरात कोणीतरी येऊन आम्हाला ऐकवून जातो.

नेटवर विकत मिळणाऱ्या तयार टेम्पलेटची कथा याहून गमतीची. त्यांत इंग्रजी कॅपिटल अक्षरे ऐसपैस दिसावीत म्हणून मध्ये जागा सोडलेली असते. तिथे मराठी टाकले की शिरोरेषा तुटते, पाडलेल्या दातांसारखी. एकेक अक्षर उमटत जाणारे ॲनिमेशन असेल तर आधी अक्षर येते, काना-मात्रा मागून. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात तेही खटकते. शासनाने २००९ मध्ये मराठी वळण ठरवून दिले आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण टायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'मराठी' निवडायची सोय बहुधा नसतेच. यावर मी फार भांडत नाही. आधी वेलांटी जागेवर येऊ दे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, तेव्हा नावे चित्रकार कार्डावर हाताने लिहीत आणि ते कार्ड कॅमेऱ्यासमोर ठेवत. त्या हाताला रफार कुठे द्यायचा हे कोणी शिकवावे लागत नव्हते. मला तो काळ परत नको आहे. कुस्तीच्या मैदानात तर तो शक्यच नाही. तिथे मोठ्या नंबरच्या दोन-चार जोडी पोस्टरवर आधी छापलेल्या असतात, पण लहान कुस्त्या आखाड्यातच ठरतात. पोरे उभी करायची, वस्तादांनी अंगापिंडाने जोड लावायची, निवेदकाने नाव पुकारायचे. हलगी कडाडत असते, शेजारचा जनरेटर घरघरत असतो, आणि मी कानावर हात ठेवून 'पै.'च्या पुढचे नाव आणि गाव पकडत असते. त्या अर्ध्या मिनिटात टाइप केलेले जसेच्या तसे पडद्यावर जायला हवे, मध्ये फॉन्ट बदलायला आणि कन्व्हर्टर लावायला सवड नसते.

उपाय नाहीत असे नाही. ओबीएस स्टुडिओ हे थेट प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात ब्राउझर सोर्स नावाची सोय आहे, तिच्या पोटात क्रोम ब्राउझरचाच गाभा आहे. पट्टी वेबपेजसारखी बनवली की विठ्ठल, कऱ्हाड, खाँ सगळे शुद्ध येतात. कॅस्परसीजी हे पट्ट्या दाखवणारे सॉफ्टवेअर स्वीडनच्या सार्वजनिक टीव्हीने, म्हणजे एसव्हीटीने, स्वतःसाठी बनवले. तेही सर्वांना मोफत आहे आणि त्यातही एचटीएमएल टेम्पलेट, म्हणजे वेबपेजसारख्या पट्ट्या, चालतात. फॉन्टचेही तसेच. मुक्ता, नोटो हे युनिकोड फॉन्ट फुकट आहेत. आमच्या गटाने आता सगळ्या पट्ट्या याच पद्धतीने करायला घेतल्या आहेत. पण मोठ्या कार्यक्रमात यंत्रणा ठेकेदाराची असते, आम्ही फक्त हात चालवायला जातो. ती यंत्रणा ठरते दरपत्रकावर, आणि दरपत्रकात कॅमेरे किती, क्रेन आहे का, ड्रोन आहे का एवढेच विचारतात. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा सोहळा असला तरी पट्टीवर मराठी उमटते का, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

म्हणून नगरपालिका, विद्यापीठे, साहित्य संस्था आणि यात्रा कमिट्या यांना विनंती आहे. काम देण्याआधी ठेकेदाराला पुढचे शब्द त्याच्याच यंत्रणेवर, युनिकोडमध्ये, कार्यक्रमात दिसतील तसे चालवून दाखवायला सांगा: विठ्ठल, कीर्ती, कऱ्हाड, ॲड., खाँ, दृष्टी, ज्ञानेश्वरी, शृंगार. दोन मिनिटांचे काम आहे. एकही मोडला तर दुसरा ठेकेदार बघा.

दुसरी विनंती नावांबद्दल. यादी पत्रिकेच्या फोटोत नको, जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये नको. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये, एका ओळीत एक नाव, शेजारच्या रकान्यात एकच पद, आदल्या दिवशी द्या. व्हीमिक्ससारख्या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरला अशी शीट थेट जोडता येते, मग आम्हाला काही टाइपच करावे लागत नाही. पण पाहुणे स्टेजवर चढल्यावर चिठ्ठी येते, आणि तिच्यात माजी सभापती, विद्यमान संचालक, संस्थापक-अध्यक्ष, आधारस्तंभ असे सगळे एकाच माणसापुढे. पट्टीत बसतात दोन ओळी. कोणते पद गाळायचे हा निर्णय ग्राफिक्सला बसलेल्या मुलीवर सोडू नका. पदे गाळून द्या, आणि 'साहेब' लिहायचे की नाही तेही त्याच शीटमध्ये ठरवून द्या.

आपली,
एक वाचक, मिरज