फॉर्ममधल्या त्या रकान्यात खरं लिहा

संपादक महोदय,

सरकारी नोकरीच्या निवडयादीत नाव आलं की इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या कोचिंगमधली आपली मुलं सुटकेचा श्वास सोडतात. पण चरित्र सत्यापनाचा, म्हणजे पूर्वीच्या वर्तनाच्या तपासणीचा, फॉर्म अजून भरायचा असतो. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला का, अटक झाली होती का, असं त्यात विचारलेलं असतं. गल्लीतल्या एखाद्या भांडणात किंवा मोर्च्यात नाव आलेलं असतं, पुढे तडजोडही झालेली असते. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "केस संपली ना? 'नाही' लिही आणि मोकळा हो."

पीथमपूरच्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात माझी हयात गेली. हा सल्ला मुलांचं वाटोळं करतो, हे मी ठामपणे सांगतो. फॉर्म फक्त चालू खटल्याबद्दल विचारत नाही, जुन्याबद्दलही विचारतो. तपासणी पोलिसांकडूनच होते, त्यामुळे नोंद सापडते. मग मूळ भांडण किती किरकोळ होतं हे सहसा कुणी बघत नाही, खोटं लिहिलं एवढंच समोर राहतं.

अवतार सिंग प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने याची नीट उकल केली आहे. माहिती खरीच द्यावी लागेल. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब लपवली गेली असेल, तर ती माफ करण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला आहे, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. खरं लिहिलं म्हणून नोकरी मिळेलच, असंही न्यायालय म्हणत नाही. पूर्ववृत्त पाहण्याचा नोकरी देणाऱ्याचा अधिकार कायम राहतो. मुलांना हेही स्पष्ट सांगायला हवं. मात्र खरं लिहून आपल्या केसच्या निकालाची प्रत जोडणाऱ्याला आपली बाजू तरी मांडता येते.

अवतार सिंग प्रकरणाच्या त्याच निकालाप्रमाणे फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा. जे स्पष्ट विचारलंच नाही, ते सांगितलं नाही म्हणून उमेदवाराला दोष देता येत नाही.

आणि काही प्रश्न तर विचारूच नयेत. एलआयसीच्या फॉर्ममध्ये स्त्री उमेदवारांना पाळीच्या तारखा आणि गर्भारपणाची माहिती लिहावी लागे. ती चुकीची दिली म्हणून नीरा माथुर यांना परिविक्षा (प्रोबेशन) काळातच काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाकायला सांगितलं. इतक्या वर्षांनीही खासगी मुलाखतींत आपल्या मुलींना लग्न कधी, मूल कधी, असं विचारतात, याचा मला मनस्वी संताप येतो. "याचं उत्तर मी देणार नाही," असं एखादीने म्हटलं तर तो तिचा हक्क आहे. त्यात लपवाछपवी कसली?

इंदूरच्या मराठी मंडळांनी यंदाच्या गणेशोत्सवातली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी आणि एखाद्या जाणत्या वकिलांना बोलवावं. सत्यापनाचा फॉर्म समोर ठेवून तो रकान्यागणिक भरायचा कसा, हे समजावून द्यायला मी स्वतः येईन.

— एक निवृत्त कार्मिक अधिकारी, सुदामा नगर, इंदूर