निसर्गचित्राची रचना आधी कागदावर ठरावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तैलरंग खरवडता येतो, चुकलेल्या जागी पुन्हा रंगवता येते, तेव्हा निसर्गचित्राची फार आखणी न करता थेट कॅनव्हासला हात घालावा, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. अनेक वर्षे या माध्यमात काम केल्यावर मला तो घातक वाटतो. नको असलेल्या झाडावर आकाश रंगवता येते हे खरे. पण तैलरंगाचा थर काळाच्या ओघात अधिक पारदर्शक होतो आणि झाकलेले गडद खोड पुन्हा डोकावू लागते. शिवाय अशा दुरुस्तीत तेलकट थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग बसला, तर तो पुढे तडकण्याचा धोका असतो.

रचनेची झटापट तळहाताएवढ्या कागदावरच व्हायला हवी. चौकट मात्र कॅनव्हासच्याच प्रमाणात आखावी. माझे एक मोठे चित्र केवळ हे न पाळल्यामुळे फसले, कारण चौरस रेखाटनात डौलाने वळणारी वाट आडव्या कॅनव्हासवर ताणली गेली आणि नजरेला थेट कोपऱ्याबाहेर घेऊन गेली. चौकटीत उजळ, मध्यम व गडद एवढ्या तीनच टोनचे मोठे आकार मांडावेत. दिवसाउजेडी बहुधा आकाश सर्वांत उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल, डोंगरउतार त्याहून गडद आणि उभी झाडे सर्वांत गडद दिसतात. हा क्रम नीट बसला, तर पाने न काढताही दृश्य ओळखू येते. क्षितिजरेषेची जागाही इथेच ठरते. ती एकतृतीयांशावर असावी हा संकेत उपयोगी आहे, पण चित्र आकाशाचे की जमिनीचे, हा निर्णय त्याआधीचा.

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१ मध्ये प्रदर्शित केलेल्या ‘द हे वेन’ या सुमारे सहा फूट रुंदीच्या चित्रासाठी त्याच आकाराचे कच्चे तैलचित्र आधी रंगवले होते. त्यातील पाण्याकाठचा घोडेस्वार अंतिम चित्रात नाही. इतका मुरलेला चित्रकारही रचना आधी वेगळ्या कॅनव्हासवर पडताळून पाहत होता.

आपल्या पुरवणीत निसर्गचित्रे छापताना, शक्य असेल तेथे, चित्रकाराची ही प्राथमिक रेखाटनेही शेजारी छापावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक चित्रकार वाचक