कोपेश्वराला नंदी का नाही?

महोदय,

सुट्टीत कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात जाणारे बहुतेक जण स्वर्गमंडपातल्या (छताला गोल झरोका असलेल्या खांबांच्या मंडपातल्या) वर्तुळाकार शिळेवर फोटो काढून परततात. जिथे खरी कथा आहे, तो गाभारा अंधारा असतो. तिथे डोळे सरावेपर्यंत थांबावे, म्हणजे एक नव्हे, दोन लिंगे दिसतात: कोपेश्वर आणि धोपेश्वर. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकल्यावर महादेव कोपले. त्यांची समजूत काढणारे विष्णू म्हणजे धोपेश्वर. सतीला माहेरी घेऊन गेलेला नंदी कृष्णेपलीकडे कर्नाटकातील यडूरला राहिला, म्हणून इथे नंदीच नाही! ही कथा मुलांना गाभाऱ्यातच सांगावी.

आत शिरण्यापूर्वी बाहेरून प्रदक्षिणा घालावी. मंदिर पेलणारे हत्ती आणि दक्षिण बाजूचा यादव राजा सिंघणदेवाचा शके ११३६ चा शिलालेख एरवी राहूनच जातो. दुपारी फरशी तापते, अनवाणी चालवत नाही, सकाळ उत्तम. त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र स्वर्गमंडपाच्या गोल झरोक्यावर मध्यरात्रीच्या सुमारास येतो, संध्याकाळी जाऊन निराशाच होते. पावसाळ्यात कुरुंदवाडहून पुढच्या रस्त्याची चौकशी करूनच निघावे, कृष्णेचे पाणी लवकर चढते.

आणि कृपा करून स्वर्गमंडपाच्या ४८ खांबांना हळद-कुंकू, तेल लावू नका. तेलावर धूळ बसते, थर घट्ट होतो आणि तो खरवडताना बारीक कोरीवकामच झिजते.

– एक वाचक, कोल्हापूर