सिस्टर, तुम्ही माझा बीपी मोजलात

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयात गेले तेव्हा तुमची बदली झाल्याचं कळलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

गावात आमच्या ह्यांना सगळे ‘मेजर’ म्हणतात. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. १९९९ ला कारगिलच्या लढाईत ते द्रासला होते. हातीपायी धड परत आले, म्हणून लोकांच्या लेखी सगळं ठीक. रात्री ओरडत उठतात, वरातीत फटाके वाजले की मळ्यात निघून जातात, हे घरातच राहिलं. सासूबाईंचे अंगारे-धुपारे करून झाल्यावर आम्ही तुमच्याकडे पोचलो.

तोवर मी घर गप्प करून टाकलं होतं. शिट्टी नको म्हणून कुकर माळ्यावर, डाळ पातेल्यात. पोरांचे पाढे मनातल्या मनात. पाहुण्याची चाहूल लागली की आधी मी दारात. झोपेतही एक कान जागा. छाती धडधडायची, पित्त उसळायचं, आणि बोलायचं कुणाकडे? शेजारच्या गावात वीरपत्नी आहे. माझा तर नवरा जिवंत परत आलेला.

त्यांच्या गोळ्या न्यायला आले त्या दिवशी तुम्ही माझ्याच दंडाला पट्टा बांधलात आणि विचारलंत, “तुम्ही झोपता किती?” ह्यांच्या झोपेचा हिशोब मला तोंडपाठ होता. माझा सांगता येईना.

मग तुम्ही १९९३ चा किल्लारीचा भूकंप काढलात. मी सांगितलं, त्यानंतर माझी आई भांडं पडलं तरी अंगणात पळायची. आम्हा पोरांना काही जाणवलेलं नसायचं, तरी तिच्यामागे आम्हीही पळायचो. “तुमचं तेच झालंय,” तुम्ही म्हणालात. ह्यांच्या आजाराला, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहिलेल्या भीतीला, डॉक्टरांनी १९८० साली पीटीएसडी नावाने मान्यता दिली, आणि लोक तो सैनिकाचाच समजतात, असं तुम्ही सांगितलंत. पण इस्रायलमध्ये लेबनॉनच्या लढाईवरून परतलेल्यांच्या बायकांनाही तपासलं, तेव्हा त्यांच्यातही त्रास आढळला होता. इतक्या लांबच्या बायकांचं दुखणं ऐकून मला बरं वाटलं. बोलू नये, पण वाटलं.

घर जितकं गप्प ठेवाल तितकी त्यांची भीती पक्की होते, हे मात्र पटायला वेळ लागला. डॉक्टरांशी आणि ह्यांच्याशी बोलून तुम्ही कुकर खाली काढायला लावलात. “आता शिट्टी होईल” असं आधी सांगायचं, मग गॅस पेटवायचा. सुरुवातीला ते अंगणात जाऊन उभे राहायचे. हळूहळू घरात थांबू लागले. परवा म्हणाले, “शिट्ट्या जास्त झाल्या, डाळीचा लगदा होईल.”

ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, बायकोलाही उपचार मिळतात, हे तुम्हीच सांगितलंत. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, फुकटचा नंबरही तुम्हीच लिहून दिलात. एका वाईट रात्री तो लावला, पलीकडची मुलगी मराठीत बोलली, पहाटेपर्यंत निभलं.

त्रास संपलेला नाही. ते अजून ओरडून उठतात. पण मी उठून पाणी देते आणि परत झोपते. पूर्वी उजाडेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

मागच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, ह्यांना घरी ठेवून मी लेकीबरोबर शेतात गेले, पोटभर भज्जी खाल्ली. यंदा तुम्ही या. आंबील भरपूर करते. निघताना फोन तेवढा करा. न सांगता दार वाजलेलं ह्यांना अजून चालत नाही.

तुमची,
औसा तालुक्यातली मेजरची बायको