चेरिटनच्या आजींना, ओंजळभर पिठाबद्दल

प्रिय आजी,

हे पत्र मराठीत आहे. तुमच्याकडे येईन तेव्हा इंग्रजीत सांगेनच, पण माझे इंग्रजीतले आभार फार कोरडे होतात.

25 मार्चला टिचबोर्न घराण्याच्या वाड्यासमोर, टिचबोर्न हाउससमोर, गावकऱ्यांना पीठ वाटतात त्या रांगेत मी तुम्हाला 'लॉर्ड टिचबोर्न'बद्दल विचारलं आणि तुम्ही तिथल्या तिथे माझा कान पकडलात. लॉर्ड नव्हे, बॅरोनेट! नावाआधी 'सर', किताब बापाकडून मुलाकडे, पण लॉर्ड्सच्या सभागृहात खुर्ची नाही. पहिल्या जेम्स राजाने 1611 साली हे किताब काढले तेव्हा त्याचे 1,095 पौंड मोजावे लागत. टिचबोर्नांना तो 1621 साली मिळाला. आमचे सर जमशेटजी जीजीभॉय 1857 साली बॅरोनेट झाले. त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलात माझा जन्म, आणि त्या शब्दाचा अर्थ कळला इंग्लंडातल्या हॅम्पशरमध्ये.

मग रांगेत उभ्या उभ्या तुम्ही या दानाची, टिचबोर्नांच्या घरातल्या लेडी माबेलाची गोष्ट सांगितलीत. मरणाला टेकलेली बाई नवऱ्याकडे गरिबांच्या धान्यासाठी जमीन मागते. तो म्हणतो, हे लाकूड जळतंय तोवर फिरशील तेवढी तुझी. ती रांगत 23 एकरांना वळसा घालते. त्या शेताला अजून 'द क्रॉल्स' म्हणतात, हे सांगताना तुम्ही काठीने दिशाही दाखवलीत. तिचा शाप असा, की दान थांबलं तर सात मुलगे होतील, त्यानंतर सात मुली, आणि नाव बुडेल. 1796 साली दान बंद झालं. 1803 मध्ये घराचा एक भाग कोसळला. सातव्या बॅरोनेटना सात मुलगे झाले, आठव्यांना सात मुली. किताब भावाकडे गेला, तर त्याने दुसरीकडच्या इस्टेटीसाठी आडनावच बदललं होतं! शापावर माझा विश्वास नाही, पण अंगावर काटा आला खरा.

मग याच घराण्यातल्या, समुद्रात हरवलेल्या रॉजरची गोष्ट. त्याचा तोतया म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगाचा खाटीक. फ्रेंचमध्ये वाढलेल्या रॉजरच्या नावावर दावा सांगणाऱ्याला फ्रेंच येईना, तरी आईने त्याला पोटाशी धरलं. दिवाणी खटला 102 दिवस, फौजदारी 188, शिक्षा 14 वर्षं. मी तुम्हाला पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया सांगितला तेव्हा तुम्ही काठी आपटून हसलात.

1968 साली चौदावे बॅरोनेट सर अँथनी गेले. मागे मुलगा नव्हता, किताब संपला. मध्ये बंद पडलेलं पिठाचं दान मात्र पुन्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, मोठ्या माणसाला एक गॅलन. ते गावकऱ्यांचं, त्यात मला वाटा नव्हता. तुम्ही उशीच्या अभ्र्यातलं तुमचं पीठ ओंजळभर काढून माझ्या हाती डब्यात दिलंत.

त्याच्या पोळ्या केल्या. वातड झाल्या, पण तुपाशी गरम होत्या तोवर चालल्या. तुमचा डबा माझ्याकडेच आहे. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, रविवारी शंकरपाळे घेऊन येते.

तुमची,
'लॉर्ड'वाली