इनामगावची घरे खळग्यांवरून कशी कळली?

महोदय,

‘जमिनीत खड्डे सापडले, त्यावरून घर असल्याचा अंदाज’ एवढ्यावर उत्खननाच्या बातम्या आटोपतात. वाचणाऱ्याला तो अंदाज ओढूनताणून केलेला वाटतो.

आपल्या हवेत लाकूड टिकत नाही. उरतो मेढीचा, म्हणजे घराच्या लाकडी खांबाचा खळगा, तोही मातीने भरलेला. भुई हलकेच खरवडून पाणी फवारले की आतली भुसभुशीत माती ओल धरते आणि गडद गोल उमटतो. तो लगेच उकरायचा नाही. अर्धाच कापायचा, म्हणजे उभा छेद समोर येतो : मध्ये खांबाच्या जागी काळसर माती, भोवती ठासलेले गोटे. खांब जागीच कुजला तर ही काळसर रेघ सरळ राहते, उपटून नेला असेल तर तोंड फाकते, जळाला असेल तर कोळसा मिळतो. उंदराचे बीळ वळत जाते, मूळ निमुळते होत तिरके उतरते. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगांत वरची माती शिरते; तिथे नवशिके हमखास फसतात.

खरी मेख पुढेच. एकाच जागी पुन्हा पुन्हा घरे उभी राहिली की खळग्यांची गर्दी होते. कोणता खळगा कोणत्या भुईतून खणला, हे न पाहता ठिपके जोडले तर कधीच नसलेले घर कागदावर उभे राहते.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात १३०हून अधिक घरे उजेडात आली, सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. आधीची मोठी, चौकोनी, कुडाची. अखेरच्या टप्प्यात लहान गोल झोपड्या. खळग्यांवरून आकार कळतो, वापर मात्र भुई सांगते : चूल कुठे, सारवणाचे थर किती. मातीचा गोल चौथरा ही कणगीची बैठक, लिंपलेला खोल खड्डा म्हणजे धान्य साठवायचे पेव. भुईची माती पाण्यात ढवळली की जळके सातू, मसूर वर तरंगतात. पाच खोल्यांचे एक घर धान्यकोठाराला लागून होते, म्हणून ते गावप्रमुखाचे मानतात. कोठार शेजारी नसते, तर नुसत्या खोल्या मोजून तसे म्हणता आले नसते.

गावोगावच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती खत म्हणून ट्रॉल्या भरून शेतात जाते, तेव्हा आधी जाते ती ही भुई. खोल खळग्यांची बुडे तेवढी राहतात. उथळ मेढी नकाशातून गळतात आणि घर होते त्याहून लहान निघते.

यापुढे अशा बातमीसोबत अर्ध्या कापलेल्या खळग्याचे, मोजपट्टी लावलेले छायाचित्र छापावे, ही विनंती. वरून टिपलेल्या गोल खड्ड्यांवरून काहीच कळत नाही.

– एक वाचक, पुणे